जुनं मशिन फॉरमॅट मारण्याआधी: प्लगइनची लायसन्सं नव्या कॉम्प्युटरवर कशी न्यावीत

बडोद्यात छोटा स्टुडिओ चालवणाऱ्याने नवरात्राच्या आधीचे दोन महिने कॉम्प्युटर बदलायचं नावही काढू नये. गणपतीच्या आरत्यांची कामं उरकतात न उरकतात तोच गरब्याचे ट्रॅक येऊन पडतात, आणि त्या गर्दीत एखादं प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं इफेक्टचं किंवा वाद्याचं छोटं सॉफ्टवेअर) लायसन्सअभावी ‘डेमो’ म्हणून उघडलं की रात्र गेलीच. दसऱ्याला नवी वस्तू घ्यायची आपली रीत या कामाला अगदी सोयीची आहे. मशिन दसऱ्याला आणा, पूजा करा, शरद पौर्णिमेचा गरबाही होऊन जाऊ द्या आणि मग सावकाश सामान हलवा.

सध्या ही वेळ बऱ्याच जणांवर आली आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशिनमधली सुरक्षेची सोय लागते. २०१७ च्या आधी असेंबल केलेली बरीच दणकट मशिनं गाणी अजून नीट वाजवतात, पण अधिकृतरीत्या ११ वर जाऊ शकत नाहीत. मॅकवाल्यांची गत निराळी नाही. इंटेलचा मॅक सोडून ॲपलच्या स्वतःच्या चिपवर आलं की जुनी प्लगइनं रोझेटाच्या (इंटेलसाठीची सॉफ्टवेअरं नव्या चिपवर चालवून देणारी ॲपलची सोय) कुबडीवर चालतात, आणि ही पूर्ण सोय मॅकओएस २७ पर्यंतच, असं ॲपलने सांगून टाकलंय.

फाइल कॉपी करून काय होतं

काहीच होत नाही. बहुतेक जण पहिल्यांदा हेच करतात: सी ड्राइव्ह, प्रोग्रॅम फाइल्स, कॉमन फाइल्स, त्यातलं व्हीएसटी३ चं (हा प्लगइनचा एक फॉरमॅट) फोल्डर उचलायचं आणि नव्या मशिनवर टाकायचं. वेव्ह्ज या प्लगइन कंपनीचं उदाहरण घ्या. तुमच्याकडे त्यांची चाळीस प्लगइनं असली तरी त्या फोल्डरमध्ये चाळीस फाइली दिसत नाहीत. ‘वेव्हशेल’ नावाची एखादी फाइल असते. खरी प्लगइनं वेव्ह्जच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि ती चालवायची परवानगी तिसरीकडेच नोंदलेली असते. वेव्हशेल एकटी नेली तर नव्या मशिनवर यादी रिकामी दिसणार.

ही परवानगी, म्हणजे लायसन्स, बऱ्याचदा त्या विशिष्ट मशिनच्या ओळखीशी बांधलेली असते. मदरबोर्ड बदलला, विंडोज नव्याने टाकलं, कधी नुसती डिस्क बदलली तरी कंपनीच्या लेखी तो दुसरा कॉम्प्युटर होऊ शकतो. म्हणून डिस्क क्लोन करून नव्या मशिनमध्ये लावली, किंवा मॅकवर मायग्रेशन असिस्टंटने सगळं ओढून घेतलं, तरी प्लगइनच्या फाइली येतात आणि ॲक्टिव्हेशन मागे राहतं. बदली झाल्यावर आधीच्या एजन्सीत सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घेतल्याशिवाय नव्या गावात गॅस मिळत नाही, तसाच हा मामला. मुख्य काम जुन्या मशिनवर आहे आणि ते चालू असेपर्यंतच करता येतं.

आधी वही

कागद घ्या. खरंच कागद घ्या. एक्सेलची फाइल त्याच मशिनवर राहून जाते. गेल्या वर्ष-दीड वर्षातली सेशन्स (गाण्यांच्या प्रोजेक्ट फाइली) एकेक उघडा आणि कुठल्या ट्रॅकवर काय लावलंय ते बघत जा. इन्स्टॉल केलेली दोनशे प्लगइनं असतील, पण हाताला सवय असलेली मोजकीच निघतात. तीच लिहा. बाकीची नेलीच पाहिजेत असं नाही, उलट घर बदलताना अडगळ तिथेच सोडलेली बरी.

प्रत्येक ओळीत एवढं हवं: नाव, कंपनी, व्हर्जन, फॉरमॅट, खात्याचा ईमेल, लायसन्स सध्या कुठे बसलंय. उदाहरणार्थ: ‘प्रो-क्यू ३, फॅबफिल्टर, व्हीएसटी३, स्टुडिओचा जीमेल, की ईमेलमध्ये.’ किंवा: ‘ऑम्निस्फिअर, स्पेक्ट्रासॉनिक्स, भावाचा याहू, या मशिनवर.’

त्या दुसऱ्या ओळीतला ‘भावाचा याहू’ हा आपल्याकडचा खरा घोळ. प्लगइन पैसे मोजून घेतलेलं असतं, पण खातं उघडलेलं असतं कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याच्या ईमेलवर, नाहीतर दोन वर्षांपूर्वी पुण्याला निघून गेलेल्या असिस्टंटच्या. कंपनीच्या लेखी मालक तोच. म्हणून वहीतल्या प्रत्येक खात्यात एकदा लॉगइन करून बघा. पासवर्ड आठवत नसेल तर आत्ताच बदला. ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर जात असेल तर नंबरही आत्ताच बदला. दुसऱ्याच्या ईमेलवर असलेलं खातं त्याच्याशी बोलून आपल्या ईमेलवर आणा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ वाचवतं तेही हेच.

फॉरमॅटचा रकाना गाळू नका. एकाच प्लगइनचं व्हीएसटी२ आणि व्हीएसटी३ ही बऱ्याच सॉफ्टवेअरच्या लेखी दोन वेगळी प्लगइनं असतात. जुन्या सेशनमध्ये व्हीएसटी२ लावलेलं असेल आणि नव्या मशिनवर फक्त व्हीएसटी३ टाकलंत, तर प्लगइन हजर असूनही सेशन ‘सापडत नाही’ म्हणेल. विंडोजवरून मॅकवर जाताना हा त्रास वाढतो, कारण लॉजिक हे मॅकवरचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर फक्त ऑडिओ युनिट हा फॉरमॅट वाचतं आणि तो विंडोजवर नसतोच.

गाणी वेव्हमध्ये काढून ठेवा

लायसन्सला हात लावण्याआधी चालू कामाच्या प्रत्येक गाण्याचे सुटे ट्रॅक वेव्हमध्ये, म्हणजे साध्या ऑडिओ फाइलीत, बाउन्स करा (उतरवून घ्या): सगळे एकाच शून्यापासून सुरू होणारे, एकदा इफेक्टसकट आणि एकदा कोरे. फ्रीझवर (ट्रॅक सॉफ्टवेअरच्या आतच गोठवून ठेवायची सोय) विसंबू नका, ती त्या सेशनशी आणि त्या सॉफ्टवेअरशी बांधलेली असते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी खातो, स्टिरिओ त्याच्या दुप्पट. पाच मिनिटांचं, चाळीस मोनो ट्रॅकचं गाणं पावणेदोन जीबीच्या आत बसतं. आजच्या डिस्कच्या भावात ही काही जागा नव्हे. उद्या एखादी कंपनी बुडाली, एखादं प्लगइन कायमचं बंद पडलं, तरी गाणं तुमच्या हातात राहतं.

सोबत प्रत्येक सेशनचा एक स्क्रीनशॉट घ्या, मुख्य गायनाच्या चेनचा (त्यावर ओळीने लावलेल्या प्लगइनांचा) तर घ्याच. आकडे दिसले की दुसरं कुठलंही प्लगइन लावून जवळपास तसा आवाज जमवता येतो.

लायसन्स सोडवणं

इथे कंपनीगणिक रीत वेगळी आहे, पण ढोबळमानाने जाती चारच.

पहिली जात सगळ्यात सुखाची: नुसती की. फॅबफिल्टर घ्या. ईमेलमध्ये आलेली की नव्या मशिनवर चिकटवायची, झालं. जुन्या मशिनवर काही सोडवावं लागत नाही, आणि तुम्ही एकटेच वापरणार असाल तर स्वतःच्या एकाहून जास्त कॉम्प्युटरवर टाकता येतं. तीच की विंडोजला आणि मॅकलाही चालते. मेल हरवला असेल तर खात्यात सापडते. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअरही याच वळणाचं.

दुसरी जात: खातं आणि मशिनांची संख्या. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सची उत्पादनं तीन कॉम्प्युटरवर चालतात. नव्या मशिनवर नेटिव्ह ॲक्सेस हे त्यांचं ॲप टाकून लॉगइन करायचं. स्टाइनबर्गचं नवं लायसन्सिंग २०२२ पासून आलं, क्यूबेस (त्यांचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) १२ पासून. तिथेही तीन मशिनांची मुभा आहे. मुभा आहे म्हणून जुनं तसंच सोडू नका. स्टाइनबर्ग ॲक्टिव्हेशन मॅनेजर उघडून डीॲक्टिव्हेट करा, नाहीतर दोन बदलांनंतर तिन्ही जागा भंगारात गेलेल्या मशिनांनी अडवलेल्या असतात.

ज्यांच्याकडे क्यूबेस ११ किंवा त्याआधीचं, जुन्या यूएसबी डोंगलवालं (डोंगल म्हणजे लायसन्स साठवणारी पेनड्राइव्हसारखी किल्ली) आहे, त्यांनी इथे थांबून वाचावं. ई-लायसेन्सरची, म्हणजे त्या जुन्या लायसन्स-पद्धतीची, सेवा स्टाइनबर्गने २० मे २०२५ ला बंद केली. डोंगलवर आधीच असलेलं लायसन्स डोंगल जिवंत आहे तोवर चालतं, पण ते दुसरीकडे हलवणं, नव्याने उतरवणं आता होत नाही. डोंगल न वापरता मशिनवरच बसवलेलं ई-लायसेन्सर असेल तर ते त्या मशिनबरोबरच संपलं. अशा स्टुडिओंना माझं सांगणं, जुनं मशिन मोडू नका. इंटरनेट काढून कोपऱ्यात ठेवा, जुनी सेशन्स त्यावरच उघडा आणि वेव्ह काढून घ्या.

तिसरी जात परत करायची, आणि खरी गोची इथेच. वेव्ह्जचं लायसन्स एका वेळी एकाच ठिकाणी असतं: मशिनवर, पेनड्राइव्हवर किंवा त्यांच्या क्लाउडवर. जुन्या मशिनवर वेव्ह्ज सेंट्रल हे त्यांचं ॲप उघडा, लायसन्सच्या पानावर जा, या कॉम्प्युटरवरची सगळी निवडा आणि डीॲक्टिव्हेट करा. ती क्लाउडमध्ये जातात. नव्या मशिनवर तिथून खाली घ्या. हे करताना इंटरनेट चालू हवं. वेव्ह्जचा पेनड्राइव्ह म्हणजे कुठलाही साधा पेनड्राइव्ह, पण तो फक्त याच कामाला ठेवा. गाणी द्यायला-घ्यायला वापरलात तर एक दिवस कोणीतरी तो फॉरमॅट करून परत देईल.

आयलॉक ही अनेक कंपन्यांच्या प्लगइनांची लायसन्सं सांभाळणारी सेवा. तिला तीन जागा आहेत: विकत घ्यायचा यूएसबी डोंगल, मशिन, आणि क्लाउड. कुठलं प्लगइन कुठे बसू शकतं ते प्लगइन बनवणारी कंपनी ठरवते, तुम्ही नाही. आयलॉक लायसन्स मॅनेजर उघडला की डाव्या बाजूला तुमचा कॉम्प्युटर आणि लावलेले डोंगल दिसतात. कॉम्प्युटरच्या नावावर क्लिक करा, त्यावर बसलेली लायसन्सं समोर येतील. एकेकावर उजवं क्लिक करून डीॲक्टिव्हेट करा. यादी रिकामी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. डोंगलवरच्या लायसन्सांना काहीच करावं लागत नाही: जुन्यातून काढा, नव्यात लावा. दोन-तीन मशिनांवर काम करणाऱ्याने डोंगल घ्यावाच, असं माझं ठाम मत आहे. पैसे एकदाच जातात आणि प्रत्येक बदलीच्या वेळी वसूल होतात.

चौथी जात प्रश्नोत्तराची. ऑम्निस्फिअरसारखी वाद्यं नव्या मशिनवर उघडली की एक चॅलेंज कोड देतात. तो स्पेक्ट्रासॉनिक्सच्या खात्यात भरला की उत्तराचा कोड मिळतो. फार वेळा हे केलं तर कंपनी कारण विचारते. म्हणून मशिन पूर्ण बसल्यावरच हे करा. विंडोज पुन्हा टाकायचं मनात असेल तर आधी ते उरका.

सगळं सोडवून झालं की जुन्या मशिनवर एक सेशन उघडून बघा. प्लगइनं आता लायसन्स मागायला लागली पाहिजेत. एखादं अजूनही गुमान चालत असेल तर ते तिसरी सोडून बाकीच्या जातींतलं तरी आहे किंवा तुमच्या नजरेतून सुटलं तरी आहे. वहीत बघा.

जड सामान: लायब्ररी आणि प्रीसेट

सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा साठा) पुन्हा डाउनलोड करायची गरज नसते. एकट्या ऑम्निस्फिअरचंच सामान ६० जीबीच्या वर आहे. ते ‘स्टीम’ नावाच्या फोल्डरमध्ये असतं आणि विंडोजवर ते फोल्डर प्रोग्रॅमडेटाच्या आत, स्पेक्ट्रासॉनिक्सखाली असतं. प्रोग्रॅमडेटा लपवलेलं असतं. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन लपलेल्या वस्तू दाखवायला सांगितल्याशिवाय दिसणार नाही. ते सापडत नाही म्हणून लोक अख्खं पुन्हा उतरवत बसतात. स्टीम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर ठेवून मूळ जागी त्याचा शॉर्टकट ठेवला तरी चालतं, आणि तेच सोयीचं: पुढच्या वेळी डिस्क उचलली की झालं.

कॉन्टॅक्टच्या (नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं सॅम्पल वाजवणारं प्लगइन) लायब्ररींचंही असंच. फोल्डर कॉपी करा आणि नव्या मशिनवर नेटिव्ह ॲक्सेसला ते कुठे आहे ते दाखवा. काही लायब्ररींना नेटिव्ह ॲक्सेसशी देणंघेणं नसतं. त्या नुसत्या कॉपी होतात आणि कॉन्टॅक्टच्या फाइल ब्राउझरमधून उघडतात. बऱ्याच तबला-ढोलक लायब्ररी या जातीच्या असतात.

डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही आणि सॅम्पलच्या फाइली सहज त्याहून मोठ्या असतात; कॉपी मध्येच थांबते आणि कारण नीट कळत नाही. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हीकडे लिहिता-वाचता येतं. पोर्टही बघून निवडा. साधी फिरती हार्ड डिस्क यूएसबी ३ वर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास धावली तर ५०० जीबीला तास-दीड तास. तीच केबल यूएसबी २ च्या पोर्टात खुपसलीत तर चार तासांच्या वर.

प्रीसेट (प्लगइनची जतन केलेली सेटिंग्ज) मात्र विखुरलेले असतात. विंडोजवर डॉक्युमेंट्समध्ये बरेच सापडतात: फॅबफिल्टरचे तिथेच, सीरम या सिंथचे ‘एक्सफर’ फोल्डरमध्ये, शिवाय ‘व्हीएसटी३ प्रीसेट्स’ हे वेगळंच. मॅकवर लायब्ररी, ऑडिओ, प्रीसेट्स. काही ॲपडेटामध्येही दडलेले असतात. सरळ अख्खं डॉक्युमेंट्स आणि अख्खं ॲपडेटा डिस्कवर घ्या. नंतर शोधता येतं.

नव्या मशिनवर

क्रम पाळा. आधी विंडोज किंवा मॅकओएसचे सगळे अपडेट आणि दोनदा रीस्टार्ट. मग ऑडिओ इंटरफेसचा ड्रायव्हर, निर्मात्याच्या साइटवरूनच. मग रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. मग लायसन्सवाले: आयलॉक मॅनेजर, वेव्ह्ज सेंट्रल, नेटिव्ह ॲक्सेस वगैरे. त्यात लॉगइन करून ॲक्टिव्हेट. आणि शेवटी प्लगइनं, वहीतल्या क्रमाने, एका वेळी एका कंपनीची. प्रत्येक कंपनीनंतर सॉफ्टवेअर उघडून स्कॅन होऊ द्या. एकदम सगळी टाकलीत आणि स्कॅन अडकला, तर कोणामुळे अडकला ते शोधण्यात दुपार जाते. ॲक्टिव्हेट करण्याआधीच स्कॅन झालेलं प्लगइन काळ्या यादीत जाऊन बसतं. मग लायसन्स येऊनही दिसत नाही. रीपरमध्ये कॅशे पुसून पुन्हा स्कॅन करायची सोय आहे, क्यूबेसमध्ये प्लगइन मॅनेजरच्या ब्लॉकलिस्टमधून सोडवता येतं.

व्हर्जन शक्यतो जुनंच ठेवा, निदान चालू कामं संपेपर्यंत.

मग परीक्षा. जुन्या मशिनवर आधीच बाउन्स केलेलं एखादं पूर्ण गाणं घ्या, तेच सेशन नव्यावर उघडून पुन्हा बाउन्स करा. दोन्ही वेव्ह शेजारी लावा, एकाची फेज उलटी करा. सारखा आवाज एकमेकांना खोडून टाकतो, म्हणून मीटर तळाला गेला तर सगळं जसंच्या तसं आलं. कोरस, काही रिव्हर्ब, सॅम्पल आलटून-पालटून वाजवणारी वाद्यं दर वेळी थोडी वेगळी वाजतात, तेवढा खरखराट उरणारच. पण गायनाचे शब्द स्पष्ट ऐकू आले, तर गायनाच्या चेनमध्ये काहीतरी सुटलंय.

स्टेजवरचा लॅपटॉप

गरब्याच्या बँडसाठी लॅपटॉप तयार करत असाल तर आयलॉक क्लाउडवर अजिबात जाऊ नका. क्लाउडचं सेशन एका वेळी एकाच कॉम्प्युटरवर उघडतं आणि त्याला इंटरनेट सतत लागतं. मैदानावर हजारो फोन एकत्र आले की मोबाइलचं नेट रांगायला लागतं, हे गरब्याला गेलेल्या कोणालाही माहीत आहे. लायसन्स मशिनवर घ्या किंवा डोंगलवर. डोंगल लॅपटॉपच्या कडेला थेट लावू नका. कोणाचा तरी कोपर लागतो आणि वाकतो. छोट्या केबलवर किंवा हबमध्ये लावून टेपने चिकटवा. घरून निघण्याआधी वायफाय बंद करून अख्खा सेट एकदा वाजवून बघा. जे कुरकुरायचं ते घरीच कुरकुरेल.

मशिन आधीच गेलं असेल तर

लायसन्स सोडवण्याआधीच डिस्क उडाली किंवा दुरुस्तीवाल्याने न विचारता फॉरमॅट मारला, असं होतंच. पहिल्या जातीला काही फरक पडत नाही. दुसऱ्या जातीत बहुधा एक जागा शिल्लक असते. वेव्ह्जमध्ये हरवलेलं लायसन्स वर्षातून एकदा स्वतःच परत मिळवता येतं; ही संधी फालतू कारणाला घालवू नका. आयलॉकचं मशिनवर बसलेलं लायसन्स मात्र आयलॉकवाले परस्पर देत नाहीत, प्लगइन बनवणाऱ्या कंपनीला लिहावं लागतं. मेल छोटा ठेवा: आयलॉकचा युजर आयडी, प्लगइनचं नाव, ऑर्डर नंबर, मशिन बंद पडल्याची एक ओळ. कैफियत नको. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेल्या मेलला सोमवारच्या आत उत्तर येईल अशी आशा धरू नका. डोंगलच हरवला किंवा मोडला तर आयलॉकची झीरो डाउनटाइम नावाची वर्षाची वर्गणी कामी येते, पण ती आधी घेतलेली असावी लागते.

जुनं मशिन विकताना

‘सगळी प्लगइनं टाकून देतो’ अशी जाहिरात असलेली सेकंडहँड मशिनं घेऊ नका. लायसन्स खात्याचं असतं, मशिनचं नाही. जी चालताना दिसतात ती बहुधा क्रॅक असतात, आणि त्यांच्या जोडीला काय काय आलंय ते कोणालाच ठाऊक नसतं. तुम्ही विकत असाल तर निदान महिनाभर जुनं मशिन तसंच ठेवा, कारण नेमकं त्याच महिन्यात मागच्या वर्षीचं एखादं सेशन मागणारा फोन येतो. मग आयलॉक आणि वेव्ह्जच्या याद्या पुन्हा एकदा रिकाम्या आहेत ना ते बघा, सगळ्या खात्यांतून आणि ब्राउझरमधून लॉगआउट करा, आणि डिस्क पुसून द्या. प्लगइनही विकायचं असेल तर तो वेगळा व्यवहार आहे: कंपनीकडे लायसन्स ट्रान्सफरची विनंती करायची, फी असेल तर ती कोण भरणार ते आधी ठरवायचं, आणि समोरच्याच्या खात्यात लायसन्स दिसल्यावरच व्यवहार पुरा धरायचा. ‘नॉट फॉर रीसेल’ शिक्का असलेली लायसन्सं अशी विकता येत नाहीत, आणि काही कंपन्या ट्रान्सफर मुळीच देत नाहीत. पैसे घेण्याआधी त्यांच्या अटी वाचून घ्या.